जब्दीच्या मुलांची आई
शांती करणाऱ्यांच्या मातापित्यांसाठी एक पाठ

शास्त्रभाग : लूक 9:51–56; मत्तय 20:20–28; मत्तय 27:55–56; प्रे. कृत्ये 8:14–25 व 12:1–2.
मनात ठेवण्याचे वचन : मत्तय 5:9.

पर्वतावरील प्रवचनात प्रभूने ज्यांना धन्य म्हटले, त्यांत शांती करणारेही आहेत; आणि देवाची मुले हे नाव त्यांस मिळेल, असे अभिवचन त्याने दिले. हे वचन आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांनाही पाठ असते. परंतु ज्या घरात असा एखादा शांती करणारा खरोखरच निपजतो, त्या घरातील आईबापांच्या मनाची अवस्था काय होते, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. मुलगा परीक्षेत पहिला आला म्हणजे पेढे वाटावे, हे सर्वांस ठाऊक आहे. तोच मुलगा गावातील दोन तटांच्या मध्ये जाऊन उभा राहिला म्हणजे काय करावे, हे मात्र कोणी शिकविलेले नसते. अशा वेळी छाती अभिमानाने भरून येते आणि त्याच क्षणी पोटात भीतीचा गोळाही उठतो. ह्या अभिमानाचे आणि ह्या भीतीचे ख्रिस्ती आईबापांनी काय करावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

आपल्या जिल्ह्याची स्थिती

बीड जिल्ह्यातील वाचकांस हा विषय दूरचा वाटणार नाही. 30 ऑक्टोबर 2023 रोजी, आरक्षणाच्या आंदोलनाच्या दिवसांत, माजलगाव व बीड येथे जाळपोळ झाली, लोकप्रतिनिधींच्या घरांस आगी लावण्यात आल्या आणि संचारबंदी पुकारावी लागली. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांचे अपहरण करून त्यांचा निर्घृण खून करण्यात आला. त्यांस न्याय मिळावा म्हणून त्याच महिन्याच्या 28 तारखेस बीड शहरात हजारो लोकांनी मूक मोर्चा काढला. ह्या काळात जातीजातींतील संशय इतका वाढला की, 2025 साली जिल्ह्याच्या पोलीस दलाने आपल्या माणसांच्या नामपट्टीवरून आडनाव काढून केवळ नाव ठेवण्याचा उपक्रम केला. मनुष्याचे आडनाव वाचताच त्याच्या न्यायबुद्धीविषयी शंका यावी, अशी वेळ आपल्यावर आली, हेच ह्यावरून दिसून येते.

अशा जिल्ह्यात एखादा विशीतला तरुण किंवा तरुणी म्हणते, “मोबाईलवर आलेला हा भडकावणारा मजकूर मी पुढे पाठविणार नाही, उलट, हा खोटा आहे असे मी चार जणांत सांगेन.” किंवा म्हणते, “त्या वस्तीवर बहिष्कार घालण्याच्या ठरावास मी हात वर करणार नाही.” बोलणे लहान, पण त्याची किंमत लहान नसते. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. मुकादमाने दिलेली उचल अंगावर असते. ज्याच्या शेतात कापूस वेचावयाचा तोही कोणत्या तरी एका तटाचा असतो. मुलाच्या एका वाक्याने घरातील पाच माणसांची मजुरी जाऊ शकते. म्हणून आई म्हणते, “बाळा, तुला काय करावयाचे आहे? आपण आपले पाहावे.” ह्या आईस अविश्वासी म्हणणे सोपे आहे, परंतु तसे म्हणण्यापूर्वी शास्त्रातील एका आईकडे पाहू.

सिंहासने मागणारी आई

गालील समुद्रावर मासे धरणाऱ्या जब्दीचे दोन पुत्र, याकोब व योहान, जाळी टाकून येशूच्या मागे गेले. बाप नावेत राहिला. आई मात्र पुढे येशूबरोबर यरुशलेमेच्या वाटेवर आढळते. मत्तय व मार्क ह्यांनी वधस्तंभाजवळच्या स्त्रियांची जी नावे दिली आहेत, ती ताडून पाहिली असता तिचे नाव सलोमे असावे, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे.

ह्या आईने प्रभूसमोर गुडघे टेकून एक मागणे मागितले. तुझ्या राज्यात माझा एक मुलगा तुझ्या उजवीकडे आणि एक डावीकडे बसावा, एवढेच तिचे म्हणणे. तिच्या मागण्यात विश्वास नव्हता असे नाही. येशूचे राज्य येणार, ह्याविषयी तिला शंका नव्हती. तिची चूक निराळीच होती. राज्य तिला दिसत होते. राज्याकडे जाणारी वाट दिसत नव्हती. प्रभूने तिला धिक्कारले नाही. त्याने मुलांकडे वळून विचारले, मी जो प्याला पिणार आहे तो तुमच्याने पिववेल काय? मुलांनी चटकन होकार दिला. आईने काय उत्तर दिले, हे शुभवर्तमानकाराने लिहिलेले नाही. ती त्या वेळी गप्प राहिली असावी, असे वाटते. मुलांच्या मानाचा विचार करीत ती आली होती, आणि परत जाताना मुलांच्या प्याल्याचा विचार तिच्या पदरात पडला.

आईबापांच्या अभिमानाची परीक्षा येथेच होते. मुलाच्या सत्कार्यामुळे आपल्याला मान मिळावा, समाजात बसावयास पुढची जागा मिळावी, वर्तमानपत्रात छायाचित्र यावे, असे जो अभिमान म्हणतो, तो सलोमेच्या पहिल्या मागण्यासारखा आहे. त्यात प्रेम असते, पण प्याल्याची तयारी नसते. अशा अभिमानाची एक खूण अशी की, पहिले संकट येताच तो मुलावर रागावतो.

आगीची इच्छा करणारे पुत्र

आता मुलांकडे पाहू. आज आपण योहानास प्रीतीचा प्रेषित म्हणतो. परंतु तो जन्मतः शांत स्वभावाचा नव्हता. प्रभूने ह्या दोघां भावांस गर्जनेचे पुत्र असे नाव दिले होते (मार्क 3:17). शोमरोनी लोकांच्या एका गावाने येशूस उतरावयास जागा नाकारली, तेव्हा आकाशातून अग्नी पडून हे गाव भस्म व्हावे अशी आज्ञा आम्ही करू काय, असे ह्या दोघांनी विचारले. यहूदी व शोमरोनी ह्यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. अपमान त्या दिवशीचा होता, पण आग शेकडो वर्षांची होती. प्रभूने त्यांस दटाविले आणि तो निमूटपणे दुसऱ्या गावी गेला.

ही गोष्ट आईबापांनी नीट ध्यानात घ्यावी. शांती करणारा मुलगा घरात तयार होऊन येत नाही. तो गावातील वैर आईच्या दुधाबरोबर प्यालेला असतो. जेवताना वडील दुसऱ्या जातीच्या माणसाविषयी कोणते शब्द वापरतात, चुलीजवळ आजी कोणती म्हण म्हणते, हे तो ऐकत असतो. गर्जनेच्या पुत्रांनी गर्जना कोठे शिकली, हे शास्त्र सांगत नाही. आपल्या मुलांनी कोठे शिकली, हे आपल्याला मात्र विचारता येईल.

महाराष्ट्रातील एक आई

आपल्याच भाषेतील एका घराचे उदाहरण येथे घेणे उपयोगी होईल. ते घर ख्रिस्ती नव्हते, परंतु जेथे सत्य दिसेल तेथून शिकावे, असे प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस शिकविले आहे (फिलिप्पै. 4:8).

विनायक नरहर भावे, ज्यांस पुढे सर्व जग विनोबा म्हणून ओळखू लागले, ह्यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. आई रुक्मिणीबाई ही भाविक व साधी स्त्री होती. लहानपणी भिंतीवर पडलेली आपलीच मोठी सावली पाहून विनायक भ्याला आणि आईकडे धावला. आईने त्यास समजाविले की, ती सावली तुझी चाकर आहे. तू बसलास की ती बसेल, तू उठलास की ती उठेल. गावातील पुष्कळ वैराचा उलगडा ह्या लहानशा उत्तरात होतो. समोरच्याची वळलेली मूठ आपल्याला दिसते. ती आपल्याच वळलेल्या मुठीची सावली असेल, हे ध्यानात येत नाही. सर्वच वैर असे नसते. कित्येक वेळा एक पक्ष खरोखर जुलमी असतो, आणि त्याचा अन्याय उघड करणे हेच शांतीचे काम असते. परंतु जो आपल्या सावलीस भीत नाही, तोच जुलमी माणसापुढे निर्भयपणे आणि द्वेषावाचून उभा राहू शकतो.

दारी आलेल्या धडधाकट भिकाऱ्यास आई भिक्षा घालते, हे मुलास पटेना. अपात्री दानाने आळस वाढतो, असा त्याचा वाद होता. पात्र कोण व अपात्र कोण हे ठरविणारे आपण कोण, अशा अर्थाचे आईचे उत्तर होते. मनुष्याचा न्याय करण्याची घाई करू नये, हे तिने त्यास असे शिकविले.

25 मार्च 1916 रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, विनायक इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघाला. पण वाटेत सुरतेस उतरून काशीस गेला. आपल्या हातून काही अनीतीचे होणार नाही अशी खात्री बाळगावी, असे त्याने घरी पत्राने कळविले. मुलगा पदवी सोडून निघून गेला म्हणजे शेजारीपाजारी काय बोलतात, हे सांगावयास नको. आपल्या मुलाने एकदा ठरविले की तो मागे फिरणार नाही, आणि तो वाईट कामासाठी गेलेला नाही, हे आईने ओळखले होते. त्याच वर्षाच्या 7 जून रोजी तो अहमदाबादेजवळ कोचरब येथील आश्रमात गांधीजींस भेटला, आणि पुढे गांधीजींनी स्वतः त्याच्या वडिलांस पत्र लिहून मुलाच्या योग्यतेविषयी कळविले.

1918 च्या ऑक्टोबरात, इन्फ्लुएंझाच्या साथीत, रुक्मिणीबाई वारल्या. आपल्या मुलाचे पुढे काय झाले, हे त्यांनी पाहिले नाही. 17 ऑक्टोबर 1940 रोजी युद्धास साहाय्य करू नये असे उघडपणे सांगणारा पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्याचीच निवड केली आणि तो तुरुंगात गेला, हे पाहण्यास वडील हयात होते, आई नव्हती. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी, जमीनदार व सशस्त्र क्रांतिकारक ह्यांच्या रक्तपाताच्या प्रदेशात, भूमिहीन हरिजनांनी विनोबांपाशी 80 एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी ह्यांनी उभे राहून 100 एकर देऊ केली. तो प्रदेश व आपला बीड जिल्हा तेव्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. तेथून जी भूदानाची पदयात्रा निघाली, ती तेरा वर्षे चालली. मिळालेल्या जमिनीपैकी बरीच पडीक निघाली आणि बरीच वाटली गेली नाही, हेही खरे आहे. तथापि जमिनीच्या प्रश्नावर माणसे एकमेकांस मारीत असता, एक मनुष्य निःशस्त्र, पायी, दारोदार जाऊन मागू शकतो आणि लोक देऊ शकतात, एवढे तर त्यांनी दाखविले. 1957 साली त्यांनी शांतिसेनेची स्थापना केली. दंगलीच्या वेळी जीव धोक्यात घालून मध्ये उभे राहणारे सेवक तयार करावे, हा तिचा हेतू होता. 1958 साली पंढरपुरास विठ्ठलाच्या मंदिरात ते अन्य धर्मांच्या सोबत्यांसह गेले. नव्या करारातील वचने निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे पुस्तकही त्यांनी सिद्ध केले.

संस्कृत गीता आपल्याला समजत नाही, ती मराठीत पाहिजे, अशी इच्छा आईने एकदा मुलापाशी बोलून दाखविली होती. आईच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, 1930 साली, मुलाने ते काम हाती घेतले आणि पुस्तकाच्या नावातच आईस ठेवून त्यास ‘गीताई’ म्हटले. फळ न पाहताच जिने विश्वास ठेवला, अशा आईचा हा अभिमान होता. तिने मुलाकडे सिंहासन मागितले नाही.

भीती जिंकणारा एक बाप

दुसरे उदाहरण अमेरिकेतील एका पाळकाचे आहे. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांस 1959 साली भारतात आले असता विनोबांची भेट घडली होती. त्यांचे वडील, थोरले मार्टिन ल्यूथर किंग, अटलांटा येथील एबेनेझर बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. डिसेंबर 1955 मध्ये माँटगोमेरी शहरातील कृष्णवर्णीय लोकांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला आणि त्यांचे पुढारीपण तरुण मार्टिनकडे आले. 30 जानेवारी 1956 रोजी त्यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. पत्नी व तान्ही मुलगी घरात होती, पण ईश्वरकृपेने ती वाचली. पुढच्या महिन्यात पुढाऱ्यांवर खटले भरण्यात आले. तेव्हा मुलाने माँटगोमेरीस परत जाऊ नये म्हणून बापाने अटलांटात आपले जाणते स्नेही एकत्र बोलाविले. मुलगा त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता. आपल्या लोकांस सोडून आपण दूर राहू शकत नाही, असे त्याने नम्रपणे सांगितले. बैठकीतील एका वृद्ध शिक्षणतज्ज्ञाने, बेंजामिन मेज ह्यांनी, त्याचा पक्ष उचलला. बापाचे मन भरून आले. पण दुसऱ्या दिवशी तो घरी बसला नाही. मुलाबरोबर स्वतः माँटगोमेरीस गेला.

हा बाप धर्मोपदेशक होता, स्वतः अन्यायाविरुद्ध लढलेला होता, तरी त्यास भीती वाटली. म्हणून ज्यांस भीती वाटते त्या आईबापांनी स्वतःस हलके समजू नये. बारा वर्षांनी, 4 एप्रिल 1968 रोजी, त्यांचा मुलगा मेंफिस येथे गोळीस बळी पडला. आणि 30 जून 1974 रोजी त्यांची पत्नी अल्बर्टा उपासनेत ऑर्गन वाजवीत असता मंदिरातच मारली गेली. तरी आपण कोणाही माणसाचा द्वेष करणार नाही, अशी साक्ष ते मरेपर्यंत देत राहिले. मुलाने जे शिकविले, ते अखेर बापास पाळावे लागले. प्याला मुलाच्या हाती दिला म्हणजे त्यातील काही थेंब आईबापांच्याही वाट्यास येतात.

वधस्तंभाजवळची आई

आता सलोमेकडे परत येऊ. तिची गोष्ट सिंहासनांच्या मागण्यापाशी संपत नाही. मत्तयाने 27 व्या अध्यायात वधस्तंभावरील प्रभूकडे दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत जब्दीच्या मुलांच्या आईचा उल्लेख केला आहे. बहुतेक शिष्य पळून गेले, पण ही पळाली नाही. तिने ज्या उजव्या व डाव्या जागा मागितल्या होत्या, त्या जागी तिने त्या दिवशी दोन चोर टांगलेले पाहिले. आपण काय मागितले होते, हे तिला तेथे कळले असेल. आणि कळल्यावरही ती तेथेच उभी राहिली.

तिच्या दोन पुत्रांपैकी याकोब हेरोदाच्या तरवारीने मारला गेला. दुसऱ्याचे काय झाले, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या 8 व्या अध्यायात वाचावे. शोमरोनाने देवाचे वचन स्वीकारले, हे ऐकून यरुशलेमेतील प्रेषितांनी दोघांस तिकडे पाठविले : पेत्र आणि योहान. ज्याने शोमरोनी गावावर आग मागितली होती, त्याच योहानाने शोमरोनी लोकांच्या मस्तकांवर हात ठेवून पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना केली. आणि परतताना त्या दोघांनी शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांत सुवार्ता सांगितली. ज्या गावाने पूर्वी दार लावून घेतले होते, तेही त्यांत असेल काय? शास्त्र सांगत नाही. पण प्रभूने आग पडू दिली असती, तर आशीर्वाद घ्यावयास तेथे कोणी उरले नसते, हे निश्चित.

आईबापांसाठी व मंडळीसाठी बोध

पहिला बोध असा की, मुलाचे म्हणणे आधी पूर्ण ऐकावे. प्रत्येक मोर्चा शांतीचा नसतो आणि प्रत्येक पुढारी शांती करणारा नसतो. तुझे म्हणणे खरे आहे काय, ते तू उघडपणे सांगशील काय, विरोधकाचा जीव व अब्रू तू राखशील काय, असे तीन प्रश्न त्यास विचारावे. उत्तरे होकारार्थी असतील, तर त्यास अडवू नये.

दुसरा असा की, घरातील जिभेस आवर घालावा. मुलगा बाहेर समेट करतो आणि घरी त्याच लोकांची निंदा ऐकतो, अशी स्थिती असू नये. मुलीच्या बाबतीत तर अधिक जपावे. तिच्या धैर्याचे कौतुक करून मग लग्नाच्या काळजीने तिचे तोंड बंद करणे, हे घरोघर होते.

तिसरा बोध मंडळीस आहे. एका घराने प्याला घेतला, तर ते घर एकटे पडू नये. मजुरी बुडाली तर धान्य कोण देईल, रात्री सोबतीस कोण जाईल, तालुक्याच्या ठिकाणी तक्रार द्यावयास कोण बरोबर येईल, हे पंचांनी आधीच ठरवावे. उपासनेत त्या मुलाचे नाव घेऊन प्रार्थना करणे चांगले; परंतु त्याच्या आईच्या ओसरीवर जाऊन बसणे हेही उपासनेचेच काम आहे.

शेवटी, अभिमान बाळगावा. तो पाप नाही. देवाने आपल्या पुत्राच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्याविषयीचा संतोष आकाशातून उघड बोलून दाखविला, आणि त्याच पुत्रास पुढे वधस्तंभाच्या वाटेने जाऊ दिले. ज्या आईबापांची मुले आज आपल्या गावांत आगीच्या ऐवजी आशीर्वाद मागतात, त्यांनी मुलांस ही गोष्ट तोंडाने सांगावी. पुष्कळ बाप हे मनात ठेवतात आणि मुलास कधी कळत नाही.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

1. सलोमेच्या मागण्यात चांगले काय होते व उणे काय होते?
2. आपल्या घरात दुसऱ्या जातीविषयी किंवा धर्माविषयी कोणते शब्द मुलांच्या कानांवर पडतात?
3. आपल्या गावचे “शोमरोन” कोणते? तेथे आपल्यापैकी कोणी शेवटचे कधी गेले होते?
4. मंडळीतील एखाद्या तरुणाने समेटासाठी धोका पत्करला, तर त्याच्या कुटुंबासाठी ह्या आठवड्यात आपण कोणती एक गोष्ट करू?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या मुलांसाठी आम्ही मानाच्या जागा मागितल्या, ह्याची क्षमा कर. त्यांस तुझा प्याला घेण्याचे बळ दे. आणि ते तो घेतील, तेव्हा त्यांच्याजवळ उभे राहण्याचे धैर्य आम्हांस दे. आमेन.